रंग तोच, तरी तपासणीत दोष का? : डिझाइन सिस्टिमच्या स्वयंचलित तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील डिझाइन सिस्टिमवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला आहे. संस्थेने रंग, अक्षरांचे आकार, अंतरे, बटणे आणि फॉर्म यांचा संच, म्हणजेच डिझाइन सिस्टिम, ठरवला, त्याच्या वापराचे नियमही लिहून काढले. पण ते नियम प्रत्यक्ष पडद्यावर पाळले जातात की नाही हे पाहायचे कोणी, आणि हे काम यंत्रावर सोपवता येईल का, असे बहुतेकांनी विचारले आहे. गूगलचे मटेरियल, आयबीएमचे कार्बन किंवा ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम यांसारख्या मोठ्या व्यवस्थांपासून आपल्याकडील पाच-दहा जणांच्या कंपन्यांपर्यंत हा प्रश्न सगळ्यांपुढेच आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या कंपनीत फिग्माच्या, म्हणजे पडद्यांचे डिझाइन करण्याच्या साधनाच्या, फाइली तपासणारे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) अलीकडे सक्तीचे केले आहे. मी कार्डाला, म्हणजे पडद्यावरील माहितीच्या चौकटीला, दिलेला पांढरा रंग आणि सिस्टिममधील पांढरा रंग तंतोतंत एकच असूनही ते दोष दाखवते. डोळ्यांना काहीही फरक दिसत नसताना अशा दोषांची दुरुस्ती करण्यात वेळ घालवणे योग्य आहे का? (डिझायनर, पुणे)

उत्तर : या बाबतीत प्लगइनचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे समजून घेतले तर पुढची बरीच चिडचिड वाचेल. फिग्माची फाइल म्हणजे एकात एक बसवलेल्या थरांची रचना असते. प्रत्येक थराला रंग देण्याचे दोन मार्ग असतात : थेट रंगाची किंमत भरणे, किंवा सिस्टिमच्या लायब्ररीतील नाव असलेल्या रंगाशी तो थर जोडणे. फिग्माने २०२३ मध्ये व्हेरिएबल्सची, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या किमतींची, सोय दिल्यापासून ही जोडणी अधिक नेमकी झाली आहे. तपासणारे प्लगइन एकेका थरापाशी जाऊन ही जोडणी आहे का, एवढेच विचारते. दोन्ही पांढरे सारखे दिसतात की नाही, हा त्याचा प्रश्नच नसतो.

फरक दिसतो तो डार्क थीम, म्हणजे गडद पार्श्वभूमीची रंगसंगती, सुरू केल्यावर. कार्डावरील मजकूर टोकनशी, म्हणजे सिस्टिममधील अशा नाव असलेल्या किमतीशी, जोडलेला असेल, तर थीम बदलताच तो काळ्याचा जवळजवळ पांढरा होतो. कार्डाची पार्श्वभूमी मात्र थेट किंमत भरलेली असल्यामुळे पांढरीच राहते, आणि पांढऱ्या कार्डावर पांढरा मजकूर अशी अवस्था होते. शिवाय तुमची फाइल उघडून कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरला त्या जागी टोकनचे नाव दिसत नाही, नुसती किंमत दिसते. तो तीच कोडमध्ये उतरवतो, आणि फाइलमधला दोष कायमचा उत्पादनात जातो.

मात्र या प्लगइनमध्ये ‘सर्व दोष एका झटक्यात दुरुस्त करा’ असे बटण असेल, तर त्यापासून दूर राहावे असे मी आग्रहाने सांगेन. पांढऱ्या किमतीचे टोकन बहुतेक सिस्टिममध्ये एकच नसते. कार्डाची पार्श्वभूमी, गडद बटणावरील मजकूर आणि त्याच बटणावरील चिन्ह या तिन्ही भूमिकांची किंमत लाइट थीममध्ये पांढरी असू शकते. यंत्र किंमत जुळवते, त्याला भूमिका कळत नाही. त्याने कार्डाच्या पार्श्वभूमीला बटणावरील मजकुराचे टोकन लावले, तर लाइट थीममध्ये कोणालाही काही कळणार नाही आणि तपासणीतही शंभर टक्के पालन दिसेल. पण डार्क थीममध्ये बटणे फिकट आणि त्यांवरील अक्षरे काळी होत असतील, तर तुमचे कार्ड त्या अक्षरांबरोबर काळे होईल. न जोडलेला रंग निदान तपासणीत सापडतो. चुकीच्या भूमिकेला जोडलेला रंग कोणत्याच यादीत येत नाही, म्हणून तो अधिक घातक आहे. फिग्मात प्रत्येक व्हेरिएबल कोठे वापरता येईल, म्हणजे भरणीसाठी, मजकुरासाठी की कडेसाठी, हे स्कोपिंगने बांधून देता येते. तुमच्या लायब्ररीची देखभाल करणाऱ्यांना ते करायला सांगा. त्याने यंत्रापुढचे चुकीचे पर्याय आधीच कमी होतात. उरलेली निवड माणसानेच करावी.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर एकही रंग टोकनबाहेरचा नाही, स्टाइललिंट या सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारा कोड) तपासणाऱ्या साधनाचा अहवाल स्वच्छ आहे, तरीही सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही पान वापरता येते का याच्या, तपासणीत कॉन्ट्रास्ट अपुरा असल्याचा शेरा आला. दोन तपासण्या एकमेकींशी विसंगत कशा असू शकतात? (वेब डेव्हलपर, नाशिक)

उत्तर : त्या विसंगत नाहीत, त्या दोन निराळ्या गोष्टी तपासतात. स्टाइललिंट एका वेळी कोडमधील एकेक ओळ वाचते आणि त्या ओळीत टोकन आहे का ते पाहते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक, हा मात्र कोणत्याही एका रंगाचा गुण नाही, तो जोडीचा गुण आहे.

उदाहरण आकड्यांतच पाहू. वेब सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे डब्ल्यूसीएजी म्हणून ओळखली जातात, त्यांच्या एए पातळीवर सामान्य आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर ७७७७७७ हा हेक्स-क्रमांक (कोडमध्ये रंग लिहिण्याचा संकेत) असलेला राखाडी रंग ठेवला, तर गुणोत्तर ४.४८ येते आणि तो नापास होतो. एकच पायरी गडद असलेला ७६७६७६ घेतला, तर ते ४.५४ येते आणि तो उत्तीर्ण होतो. दोन्हींतला फरक उघड्या डोळ्यांनी कोणालाही सांगता येणार नाही, आणि येथे यंत्राची गरज निर्विवाद आहे. अनेक सिस्टिममध्ये दुय्यम मजकुराचा राखाडी रंग याच सीमारेषेवर बसवलेला असतो, कारण डिझायनरला तो शक्य तितका सौम्य हवा असतो.

आता तोच उत्तीर्ण झालेला ७६७६७६ तुम्ही पांढऱ्याऐवजी अगदी फिकट राखाडी पट्ट्यावर ठेवला, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची किंमत २५५ ऐवजी २४५ असलेल्या पार्श्वभूमीवर, तर गुणोत्तर सुमारे ४.१७ इतके घसरते. मजकुराचे टोकन सिस्टिममधले, पार्श्वभूमीचे टोकनही सिस्टिममधले, आणि जोडी नापास. तुमच्या बाबतीत जवळजवळ निश्चितपणे हेच झाले असावे. तक्त्यातील एकाआड एक रंगवलेल्या ओळी, न वाचलेल्या सूचना आणि फॉर्ममधील मदतीचा मजकूर येथे आधी शोधा.

याचा दोष मी तुमच्या कोडला देणार नाही, सिस्टिमला देईन. मजकुराचे कोणते टोकन कोणत्या पार्श्वभूमीवर चालते याचा तक्ता सिस्टिमने स्वतः प्रसिद्ध केला पाहिजे, आणि टोकनच्या फाइलमध्ये कोणताही बदल झाला की तक्त्यातील प्रत्येक जोडीचे गुणोत्तर आपोआप पुन्हा मोजले गेले पाहिजे. हा हिशोब छोट्या प्रोग्रॅमने काही क्षणांत होतो. तो एकदा सिस्टिमच्या मुळाशी केला, तर ती वापरणाऱ्या प्रत्येक संघाला पडद्यागणिक तोच दोष पुन्हा शोधावा लागत नाही.

मर्यादाही सांगतो. छायाचित्रावर किंवा ग्रेडियंटवर (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या पार्श्वभूमीवर) ठेवलेल्या मजकुराबाबत सुगम्यता तपासणारे ॲक्स-कोअरसारखे साधन निर्णय न देता माणसाने पाहावे अशी नोंद करते, आणि त्या नोंदी न वाचता बाजूला ठेवण्याची सवय फार पसरली आहे. ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने २०१७ मध्ये मुद्दाम अडथळ्यांनी भरलेले एक पान बांधून त्यावर अनेक स्वयंचलित साधने चालवून पाहिली, तेव्हा सर्वांत चांगल्या साधनालाही त्यांतील निम्मेसुद्धा अडथळे सापडले नव्हते.

प्रश्न : आम्ही एका सहकारी बँकेसाठी मोबाइल ॲप तयार करतो. इंग्रजी पडदे सर्व तपासण्यांत उत्तीर्ण होतात. तेच पडदे मराठीत पाहिले की वेलांट्या कापलेल्या आणि बटणांवरील मजकूर तुटलेला दिसतो. तपासणीला हे का कळत नाही? (प्रकल्प प्रमुख, कोल्हापूर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण आपल्या भाषेत सेवा देणाऱ्या प्रत्येकाला त्याची गरज आहे.

तपासणी नियमाप्रमाणे होते, आणि नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी असते. पडद्यावरील मजकुराला सिस्टिममधील ठरावीक मजकूर-शैली लावली आहे का, एवढे यंत्र पाहते. लावलेली असेल तर ते समाधानी असते. ती शैली देवनागरीला झेपते का, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. मथळ्यांसाठी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट ठेवण्याची पद्धत इंग्रजीत रूढ आहे. ‘स्फूर्ती’ हा शब्द त्या उंचीत बसवून पाहा : खाली ऊकार, वर वेलांटी आणि तिच्यावर रफार. चौकट घट्ट असेल आणि बाहेरचे कापून टाकण्याची सूचना दिलेली असेल, तर रफार किंवा उकार नाहीसा होतो. ‘तुर्भे’ या गावाच्या नावाचेही तेच होते. बँकेच्या ॲपमध्ये शाखेचे नाव असे कापलेले दिसणे ही नुसती सौंदर्याची बाब नाही.

दुसरी अडचण अक्षरांमधील अंतराची आहे. लहान उपशीर्षके सर्व मोठ्या लिपीत, किंचित अंतर सोडून लिहिण्याची शैली अनेक सिस्टिममध्ये असते. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नाही, त्यामुळे त्या सूचनेचा काहीही परिणाम होत नाही आणि उपशीर्षकाचे वेगळेपणच हरवते. उरते ते अंतर, आणि त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. हा दोष यंत्राला पकडता येतो, आणि फारच सोपेपणाने : भाषा मराठी असताना अक्षरांमधील अंतर शून्याखेरीज काहीही असेल, तर तपासणी नापास करावी. हा नियम तुम्ही उद्याच लिहू शकता.

तिसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. वेबच्या प्रत्येक पानाने आपली भाषा सांगावी लागते, आणि ती सांगितली आहे का हे साधने तपासतात. परंतु मराठी पानावर इंग्रजीची नोंद तशीच राहिली असेल, तर नोंद आहे आणि तिचा संकेत वैध आहे म्हणून तपासणी उत्तीर्ण होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर मात्र त्या नोंदीवर विसंबून मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो आणि अंध खातेदाराला काहीच कळत नाही. दिसण्यावरही परिणाम होतो : काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ भाषेची नोंद मराठी असेल तरच येतात, अन्यथा हिंदी वळणाचे येतात. पानातील मजकुराची लिपी देवनागरी आणि भाषेची नोंद इंग्रजी, असे दिसताच इशारा देणारा नियम तुमच्या ॲपमधील वेब-पानांसाठी जरूर जोडा.

लांबीबद्दल बोलायचे तर ‘सबमिट’च्या जागी ‘सादर करा’ बसते. पण ‘स्टेटमेंट’च्या जागी ‘खाते-उतारा डाउनलोड करा’ आले, तर इंग्रजीच्या मापाने आखलेले बटण पुरत नाही. मजकूर आडव्या दिशेने चौकटीबाहेर गेला हे मापावरून कळते. मजकूर वरून किंवा खालून कापला गेल्याचे मापावरून हमखास कळत नाही, कारण अक्षराची शाई ओळीबाहेर गेली तरी हिशोबात ओळीची उंची तेवढीच राहू शकते. त्यासाठी पडद्याचे चित्र घेऊन आधीच्या मान्य चित्राशी ताडून पाहण्याची पद्धत वापरावी लागते. प्लेराइटसारख्या, ब्राउझर आपोआप चालवून तपासणी करणाऱ्या साधनांत ती सोय आहे. चित्रे मात्र एकाच प्रकारच्या यंत्रणेवर घ्यावीत, कारण मॅक, विंडोज आणि लिनक्स यांवर अक्षरांच्या कडा निरनिराळ्या उमटतात आणि मग खोट्या फरकांचा पाऊस पडतो.

माझा आग्रह असा आहे की, प्रत्येक कंपोनंटच्या, म्हणजे बटण किंवा फॉर्म यांसारख्या तयार घटकाच्या, नमुना-मजकुरात इंग्रजीच्या बरोबरीने कठीण मराठी शब्द कायमचे ठेवावेत : स्फूर्ती, तुर्भे, ऱ्हास, दुसऱ्या, कर्जपुरवठ्यासंबंधीचे. कंपोनंट या शब्दांसह धड उभा राहत नाही तोवर तो सिस्टिममध्ये घेऊ नये. मराठी पडदे शेवटच्या आठवड्यात भाषांतराच्या फाइलीतून तयार होत असतील, तर दोष शेवटच्या आठवड्यातच दिसतील आणि दुरुस्तीला वेळ उरणार नाही.

प्रश्न : प्रत्येक संघाच्या ‘पालनाची टक्केवारी’ दरमहा काढून ती वार्षिक मूल्यमापनाशी जोडण्याचा आमचा विचार आहे. आपले मत काय? (व्यवस्थापक, ठाणे)

उत्तर : तसे करू नये. टक्केवारी काढावी, तिचा कल पाहावा, पण ती माणसांच्या पगाराशी बांधू नये. बांधली की जवळच्यातले जवळचे टोकन चिकटवून दोष घालवले जातात, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला न दिसणारा घोटाळा साऱ्या उत्पादनात पसरतो. सवलतीच्या पट्टीला धोक्याचा लाल रंग लावला, तरी टोकन सिस्टिममधलेच असते. एका पडद्यावर तीन मुख्य बटणे ठेवली, तरी तिन्ही कंपोनंट लायब्ररीतलेच असतात. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही पडदे निर्दोष आहेत.

टक्केवारीपेक्षा दोषांची यादी वाचण्यासारखी असते. सिस्टिमच्या अंतरांच्या मोजपट्टीत ८ नंतर एकदम १६ असेल आणि चार वेगवेगळ्या संघांनी १२ वापरल्याचे तपासणीत दिसत असेल, तर ते चारही संघ बेशिस्त आहेत असे मानण्यापूर्वी १२ ची पायरी मोजपट्टीत असायला हवी होती का, हे पाहिले पाहिजे. लायब्ररीपासून तोडलेले, म्हणजे डिटॅच केलेले कंपोनंट हीही अशीच माहिती आहे. एकच कंपोनंट वारंवार तोडला जात असेल, तर लोकांना हवा असलेला प्रकार त्यात नाही. ही यादी दरमहा सिस्टिम सांभाळणाऱ्या संघाच्या बैठकीत ठेवा, आणि त्यांतील किती गोष्टींवर सिस्टिममध्ये बदल झाला हेही मोजा. पालन ही दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे.

प्रश्न : पडद्याचे चित्र एखाद्या एआय मॉडेलला देऊन ‘हे आमच्या सिस्टिमप्रमाणे आहे का’ असे विचारले, तर वेगळे नियम लिहायची गरज उरेल का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : उरेल. रंग, अंतर, अक्षराचा आकार या गोष्टी फाइलीत आणि कोडमध्ये नेमक्या आकड्यांत लिहिलेल्या असतात. त्या तेथून वाचायच्या सोडून चित्रावरून अदमासाने ओळखायला लावणे उलटे आहे. अंतर १४ आहे की १६ हे मॉडेल आत्मविश्वासाने चुकीचे सांगू शकते, आणि तोच पडदा पुन्हा दिला तर उत्तर बदलूही शकते. एकाच प्रश्नाला दोनदा निराळे उत्तर देणाऱ्या तपासणीच्या आधारे कोणाचे काम अडवता येत नाही.

जेथे नियम आकड्यांत लिहिता येत नाही, तेथे मात्र मॉडेलचा उपयोग होतो. चुकीच्या माहितीसाठी दिलेला संदेश ग्राहकाला दोष देतो का, एका पडद्यावर ‘रद्द करा’ आणि दुसऱ्यावर त्याच कृतीला ‘मागे घ्या’ म्हटले आहे का, पुसून टाकण्याचे बटण नेहमीच्या बटणासारखे दिसते का, अशा शंका ते बऱ्यापैकी काढते. त्या सूचना म्हणून माणसापुढे ठेवाव्यात.

प्रश्न : आम्ही मोजकीच माणसे आहोत आणि उत्पादन जुने आहे. तपासणी पहिल्यांदाच चालवली तर हजारो दोष निघाले आणि सर्वांनी ती बंद करा असे सांगितले. सुरुवात कोठून करावी? (लघुउद्योजक, मडगाव)

उत्तर : आज आहेत ते दोष एका फाइलीत नोंदवून ठेवा आणि तपासणीला फक्त नवे दोष अडवायला सांगा. जावास्क्रिप्टचा कोड तपासणाऱ्या इएसलिंटने २०२५ पासून ही सोय मुळातच दिली आहे. स्टाइललिंटसाठी, तुमच्याकडे गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) असेल तर, बदललेल्या फाइलींपुरतीच तपासणी चालवूनही काम भागते. जुन्या दोषांची वेगळी मोहीम काढू नका. ज्या पडद्याला दुसऱ्या कामासाठी हात लागेल, तेवढाच त्या वेळी स्वच्छ करा.

नियमही सुरुवातीला दोनच ठेवा : थेट लिहिलेले रंग, आणि टोकनच्या जोड्यांचा कॉन्ट्रास्ट. दोन्हींसाठी लागणारी साधने विनामूल्य आहेत. दोषाच्या संदेशात नुसते ‘नियमभंग’ असे न लिहिता त्या जागी कोणती टोकने चालतील आणि त्यांची माहिती कोठे आहे हे लिहा, कारण घाईत असलेला डेव्हलपर तेवढेच वाचतो. अपवाद करण्याची मुभा ठेवा, पण त्या ओळीशेजारी कारण लिहिणे सक्तीचे करा. पैसे भरण्याच्या पडद्यावर दुसऱ्या कंपनीचे बोधचिन्ह त्यांच्याच रंगात दाखवावे लागते, हे रास्त कारण आहे. ‘वेळ नव्हता’ हेही लिहू द्या. निदान परत कोठे यायचे ते समजते.

हे दोन नियम महिनाभर कोणाच्याही तक्रारीशिवाय चालले, की तिसरा अंतरांचा घ्या. तुमच्या उत्पादनात मराठी किंवा कोकणी पडदे असतील, तर अंतरांच्याही आधी वर सांगितलेला अक्षरांमधील अंतराचा नियम घ्या.